ऋषीच्या भाजीची बाग

गणेश चतुर्थीच्या संध्याकाळी दादरच्या भाजीबाजारात पाय ठेवायला जागा नसते. दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी, म्हणून पदपथावर वाटे मांडलेले असतात. एकेका वाट्यात अळूची पानं देठांसकट, माठाचे बोटाएवढे जाड देठ, लाल भोपळ्याची फाक, सुरणाचा तुकडा, अर्धं पडवळ, एखादं शिराळं, चार भेंड्या, मक्याचं कणीस, रताळं आणि मूठभर अंबाडी. घरोघरच्या रिवाजाप्रमाणे यात थोडा फरक पडतो, पण गाभा हाच. या सगळ्याची मिळून एक भाजी होते. मसाला नाही, फोडणी नाही. हिरवी मिरची, मीठ, ओलं खोबरं आणि थोडं आंबट घातलं की झाली. त्या दिवशीचा नियम असा, की बैलाच्या कष्टाचं खायचं नाही.

नियम व्रताचा आहे आणि तो पाळणाऱ्यांना तेवढ्याच अर्थाने प्रिय आहे. पण घरामागे किंवा गच्चीत भाजी लावू पाहणाऱ्याने या वाट्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघावं. नांगर न फिरवता, कुदळीच्या चार घावांवर, घरातल्या बाईच्या हातून, भर पावसाळ्यात कोणत्या भाज्या भरभरून येतात, त्यांची पिढ्यान्‌पिढ्या पारखलेली यादी त्या वाट्यात आहे. परसबागेत काय लावावं, असं मला कोणी विचारलं तर मी आधी हीच यादी पुढे करते.

यात ‘आपलं ते चांगलं’ असा हट्ट नाही. वाट्यातला मका अमेरिका खंडातला, रताळं तिकडचंच, लाल भोपळाही मूळचा तिथलाच. पोर्तुगीज आल्यानंतर हे सगळं आपल्याकडे रुजलं, आणि एवढं रुजलं की ऋषींच्या पानात जाऊन बसलं. म्हणजे आपल्या आज्या-पणज्यांनी झाडाचं गाव विचारलं नाही. आपल्या पावसात ते टिकतं का, फार लाड न करता फळतं का आणि ताटात पुरतं का, एवढंच त्यांनी पाहिलं.

आज नव्याने बाग करणारा माणूस जून-जुलैत रोपवाटिकेत जातो आणि टोमॅटो, ढोबळी मिरची, ब्रोकोली, फार तर स्ट्रॉबेरीची रोपं उचलून आणतो. दिवाळीपर्यंत कुंड्यांत काटक्या उरतात, आणि ‘आमच्या हाताला गुण नाही’ असं म्हणून तो कायमचा थांबतो. याचं मला फार वाईट वाटतं, कारण त्याच्या हातात काही खोट नसते. टोमॅटो हे अवघड पीक आहे. दिवसाचं तापमान 35 अंशांच्या वर गेलं, रात्रीही उकाडा राहिला, की फूल फळ न धरताच गळतं. पावसाने पानं सतत ओली राहिली की करपा येतो. पांढरी माशी आली की पानं मुरडतात आणि झाड वाढायचं थांबतं. एवढ्यातून वाचलेल्या फळात अळी शिरते. पावसाळा सरताना लावलेला टोमॅटो थंडीत छान येतो, नाही असं नाही. पण त्याच्यापासून सुरुवात करू नये.

दापोलीजवळच्या एका घरी परसात उभी राहून मी विचारलं होतं, “काकू, टोमॅटो नाही लावत तुम्ही?”

“पावसात कुजतो हो तो. त्याच्यामागे कोण लागणार? हे बघा, ह्याला मी हातसुद्धा लावत नाही.” त्यांनी बोट दाखवलं ते न्हाणीच्या मागच्या अळवाकडे.

‘उत्पादक’ या शब्दाचा शेतीतला अर्थ एकरी टन असा असतो. परसबागेत हिशेब वेगळा लागतो. एका झाडाने किती वेळा भाजी दिली, हे तिथे महत्त्वाचं. कोबी किंवा फ्लॉवर लावला तर एक रोप दोन-अडीच महिने जागा अडवतं आणि एकदाच भाजी देतं; तीही अळ्यांनी आपला वाटा घेतल्यावर. कांदा चार महिने वाफ्यात बसतो आणि शेवटी एका रोपाला एकच कांदा मिळतो. बटाट्याचंही तेच. ही पिकं शेतकऱ्याने शेतात घ्यावीत आणि आपण बाजारातून आणावीत. याउलट भेंडी पेरल्यापासून दीड महिन्यात तोडणीला येते आणि पुढे दोनेक महिने दर दोन-तीन दिवसांनी शेंगा देते. दहा-बारा झाडं असली तर चौघांच्या घरात आठवड्यातून एकदा तरी भाजी होते. वांग्याचं झाड बहर ओसरल्यावर छाटलं की पुन्हा फुटतं. मिरचीची दोन-तीन झाडं एका घराला पुरून उरतात. एकदा लावून अनेकदा खुडता येईल, अशाच झाडांना परसात पहिली जागा द्यावी.

सगळ्यांत आधी अळू. त्याला बी लागत नाही. कोणाच्या तरी परसातला एक कंद आणावा आणि ओल राहील अशा जागी पुरावा. विदर्भात यालाच धोपा किंवा चमकोरा म्हणतात, आणि तिथल्या कडक उन्हातही सांडपाण्याच्या ओलीवर तो तग धरतो. बहुतेक भाज्यांची मुळं पाणी साचलं की सडतात, अळवाला मात्र तेच मानवतं. म्हणून कोकणात न्हाणीचं पाणी जिथे जातं तिथे अळू असतोच. हल्ली त्या पाण्यात फिनेल आणि फरशी धुण्याचं ॲसिडही येतं; तेवढं पाणी मात्र दुसरीकडे वळवावं. उन्हाचं त्याला फार काही नसतं, अर्ध्या सावलीत पान उलट मोठं आणि कोवळं येतं. बाहेरची पानं कापावीत, मधली दोन-तीन ठेवावीत; आठवडाभरात नवी पानं उलगडलेली दिसतात. कंदाला पिल्लं फुटत जातात आणि एका कंदाचा वर्षात ताटवा होतो. भाजीचा अळू वेगळा आणि वड्यांचा काळ्या देठाचा वेगळा, हे घेताना विचारून घ्यावं. पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, त्यांनी घसा खाजतो. म्हणून तो नीट शिजवायचा आणि चिंच किंवा आमसूल घालायचं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण हरितपर्णी’ नावाचा अळूचा सुधारित वाणही दिला आहे, यावरून या भाजीची आपल्याकडची पत कळावी.

पालेभाज्यांत पावसाळ्याचा राजा माठ. पालकाला थंडी लागते, कोथिंबीर पावसाच्या माराने आडवी होते, मेथी कुजते. माठाला ऊन, दमट हवा, सरीवर सरी, सगळं चालतं. पेरल्यापासून तीन-चार आठवड्यांत लाल माठ उपटायला येतो. गोव्यातली तांबडी भाजी ती हीच. हिरवा माठ मात्र सगळा उपटू नये, चार रोपं हातभर अंतरावर राखावीत. ती पुरुषभर वाढतात आणि त्यांच्या देठांची भाजी, वाल घालून केलेली, मला पानांच्या भाजीहून जास्त आवडते. बी इतकं बारीक असतं की मूठभर वाळूत मिसळून फेकावं, नाहीतर एकाच जागी शंभर रोपं उगवतात आणि एकही धड वाढत नाही. नव्या बागांत भाज्या कीडरोगाने जेवढ्या जातात, तेवढ्याच दाटीनेही जातात. विरळणी करताना जीव कचरतो, पण ती करावी. उपटलेली कोवळी रोपंही भाजीतच जातात.

माठाच्या जोडीला मायाळू. हा वेल बाजारात फारसा दिसत नाही, कारण पानं जाड, रसाळ असतात आणि तोडल्यावर लवकर मलूल होतात. घरच्यासाठी तो म्हणूनच चांगला. वीतभर काडी मातीत खोचली की लागते. खिडकीच्या गजांवर चढतो, तीन-चार तासांच्या उन्हावर भागवतो, आणि भाजी, आमटी, भजी कशालाही चालतो.

आता वेल. रोहिणी नक्षत्र लागलं की मेच्या अखेरीस कोकणात आळी खणतात. त्यात पालापाचोळा, राख, शेणखत भरून ठेवतात आणि मृगाच्या आगेमागे पडवळ, दोडका, काकडी, कारलं, दुधी यांचं बी टोकतात. वेल हातभर झाला की बांबूचा मांडव उभा राहतो. दारी मांडव आणि मांडवाला लोंबणारी पडवळं, प्रत्येकाच्या टोकाला ते सरळ वाढावं म्हणून बांधलेला लहानसा दगड, हे श्रावणातलं दृश्य रत्नागिरी-रायगडच्या गावांत अजून पाहायला मिळतं. वेलाला जमिनीवरची जागा फार कमी लागते. मूळ दोन हातांच्या आळ्यात असतं, पसारा सगळा वर, उन्हात. म्हणूनच जागा थोडी असणाऱ्याला वेलासारखी सोय दुसरी नाही.

वेलांच्या बाबतीत सगळ्यांना पडणारा प्रश्न: “फुलं भरपूर येतात, पण गळून पडतात, फळ धरत नाही.” पहिले आठ-पंधरा दिवस येणारी फुलं नर असतात. गावात त्यांना वांझ फुलं म्हणतात. ती गळायचीच असतात. मादी फूल मागाहून येतं आणि ते ओळखणं सोपं आहे, कारण त्याच्या खाली इवलंसं फळ आधीच असतं. तेही पिवळं पडून गळत असेल तर परागीभवन होत नाही असं समजावं. सातव्या मजल्यावरच्या बाल्कनीत मधमाश्या येतीलच असं नाही. तिथे नर फूल तोडून त्याचे परागकण मादी फुलाला हाताने लावावे लागतात. पण वेळ सांभाळावी लागते. दुधीची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात, दोडक्याचीही दिवेलागणीच्या सुमारास, पडवळाची रात्रीकडे. लाल भोपळा, कारलं आणि घोसाळं यांची पहाटे किंवा सकाळी. सकाळी चहाचा कप घेऊन दुधीच्या वेलाखाली गेलात तर मिटलेलीच फुलं भेटतील. दुधीला संध्याकाळी सातला भेटावं.

फळमाशी हा वेलांचा मोठा शत्रू. ती कोवळ्या फळाला टोचून आत अंडी घालते, फळ वाकडं होऊन सडतं. फळ बोटाएवढं असतानाच त्याला कागदाची किंवा जुन्या कापडाची पिशवी बांधली तर औषध मारावं लागत नाही. सडलेली फळं आळ्यात पडू देऊ नयेत, आतल्या अळ्या त्याच मातीत कोष करतात आणि पुन्हा माश्या होतात. आणखी एक गोष्ट जरा कळकळीने सांगते. दुधी, काकडी किंवा दोडका चिरल्यावर एक फोड जिभेला लावून पाहावी. कडू लागली तर ते फळ टाकून द्यावं, शिजवूही नये, आणि कडू दुधीचा रस तर मुळीच पिऊ नये. त्यातल्या विषारी द्रव्याने जीव गेल्याच्या घटना आपल्या देशात घडल्या आहेत.

बारमाही झाडांत तोंडली, शेवगा आणि कढीपत्ता ही तीन असली की घराची निम्मी चिंता मिटते. तोंडलीचं बी लावू नये. तिच्यात नर वेल वेगळा आणि मादी वेगळा असतो; म्हणून ज्या वेलाला तोंडली लागलेली डोळ्यांनी पाहिली आहेत, त्याचीच पेन्सिलीएवढी जाड काडी आणावी. कुंपणावर एकदा चढली की वर्षानुवर्षं देते, फक्त दर वर्षी एकदा धीर करून छाटावी लागते. शेवगा घराच्या भिंतीला लागून नको, कारण त्याचं लाकूड ठिसूळ, वाऱ्यात फांद्या मोडतात, आणि पावसाळ्यात खोडावर केसाळ अळ्या जमतात. कुंपणाच्या कडेला लावावा. तामिळनाडूतल्या पेरियाकुलम इथे तयार झालेला ‘पीकेएम-1’ हा वाण बियांपासून लावला तरी सहा महिन्यांत फुलावर येतो. त्याला तीन-चार फुटांवर छाटत राहिलं की शेंगा हाताला येतात. शेंगांचा बहर नसतो तेव्हा पाला असतो, आणि तो पाला म्हणजे शेवग्याचा खरा ठेवा. प्रथिनं, कॅल्शियम, अ जीवनसत्त्वासाठी लागणारं कॅरोटीन, सगळं त्यात आहे.

दिवाळीच्या दिवसांत परसात सर्वांत देखणा असतो तो वालाचा, म्हणजे वेलघेवड्याचा वेल. जांभळ्या-पांढऱ्या तुऱ्यांनी भरलेला. पण तो जूनमध्ये लावलेला असतो आणि सप्टेंबरपर्यंत त्याला नुसता पाला असतो, म्हणून कित्येक नवखे लोक कंटाळून उपटून टाकतात. वालाचे बहुतेक गावठी वाण दिवसाच्या लांबीवर चालतात. दिवस लहान व्हायला लागले, रात्र मोठी झाली, की त्यांना फूल येतं. त्याआधी खत घाला, पाणी घाला, तो दाद देत नाही. आश्विनापर्यंत धीर धरला तर पुढे माघापर्यंत शेंगा संपत नाहीत. शिवाय मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र मातीत बांधतात, म्हणजे जागा सोडताना तो ती आधीपेक्षा सुपीक करून जातो. कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा येतो. सकाळी दव असताना चुलीतली राख उधळली की बराच आटोक्यात राहतो. शहरात राख नसते, तिथे पाण्याचा जोराचा फवारा किंवा निंबोळी अर्क.

वालाचं नाव निघालं की राहीबाई पोपेरे यांची आठवण अटळ आहे. अहिल्यानगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या या महादेव कोळी समाजातल्या बाईंनी शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण घरात गावठी बियाण्यांची बँक उभी केली. वाल-घेवड्याचे अनेक वाण त्यांच्याकडे आहेत. ‘बायफ’ संस्थेची साथ मिळाली, 2018 मध्ये बीबीसीने जगातल्या शंभर प्रभावी स्त्रियांत त्यांचं नाव घेतलं आणि 2020 च्या पद्म पुरस्कारांत पद्मश्री मिळाली. मला त्यांच्या कामात सगळ्यांत मोलाचं वाटतं ते हे, की त्यांनी बी परसबागेशी बांधून ठेवलं. बी फक्त डब्यात जपलं तर काही वर्षांत मरतं. ते दर वर्षी कोणाच्या तरी परसात पेरलं गेलं पाहिजे.

घरच्या बागेसाठी म्हणूनच शक्यतो गावठी किंवा सरळ वाण घ्यावेत. संकरित बियाणं पहिल्या वर्षी जोमदार येतं, पण त्याचं बी धरून पुढल्या वर्षी पेरलं तर तेच गुण येत नाहीत. मराठवाडा कृषी विद्यापीठाची ‘परभणी क्रांती’ ही भेंडी सरळ वाण आहे. पानं पिवळी पाडणाऱ्या केवडा रोगाला तोंड देईल म्हणून तिची निवड झाली होती आणि तिचं बी घरी धरता येतं. वेलावरचं किंवा झाडावरचं उत्तम फळ बियाला राखावं, उरलंसुरलं नव्हे. वाल, चवळी, भेंडी यांचं बी नवख्यालाही जमतं. भोपळावर्गात मात्र शेजारच्या वेलाचे पराग मिसळतात, तिथे जरा सांभाळावं.

शहरातल्या वाचकाचा प्रश्न मला ऐकू येतोय: परस कुठे आहे आमच्याकडे? जागेपेक्षा आधी ऊन मोजावं. मुंबई-पुण्याच्या अक्षांशावर सूर्य मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेकडे असतो. या काळाच्या दोन्ही टोकांना एकेक दिवस शून्य सावली पडते. म्हणजे दक्षिणेकडच्या बाल्कनीत पावसाळ्याच्या तोंडाला थेट ऊन जवळजवळ नसतं आणि थंडीत मात्र ते पार आतल्या खोलीपर्यंत येतं. तिथे भाजीचा खरा हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी. पूर्वेच्या बाल्कनीत सकाळचं ऊन वर्षभर, पालेभाजीला उत्तम. सहा तास ऊन मिळालं तरच भेंडी, वांगी, मिरची, वेल लावावेत. तीन-चार तासांत माठ, पालक, मायाळू, पुदिना, अळू. त्याहून कमी असेल तर भाजीचा नाद सोडून ओव्याच्या पानांवर समाधान मानावं.

गच्चीवर प्रश्न वजनाचा. एक घनफूट ओली माती पन्नास किलोच्या आसपास भरते. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी यावर अगदी साधा उपाय काढला होता. रसवंतीवाले फेकतात ती उसाची चिपाडं त्यांनी ड्रममध्ये आणि पिशव्यांत भरली, माती नावापुरती घातली आणि गच्चीवर भाज्या, फळझाडं काढली. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी तिथल्याच ओल्या कचऱ्यातून बाग उभी केली. या सगळ्यांच्या मागे कोल्हापूरच्या श्रीपाद दाभोलकरांचा विचार आहे. गणिताचा हा प्राध्यापक शेतकऱ्यांना पानाचं क्षेत्रफळ आणि त्यावर पडणारं ऊन यांचा हिशेब करायला शिकवत असे. पाच माणसांच्या कुटुंबाला दहा गुंठे पुरतात, असं ते मांडत. त्यांच्या प्रयोग परिवाराने पालापाचोळ्यापासून माती घडवायची जी रीत सांगितली, ती आज कित्येक गच्च्यांवर चालू आहे.

गावाकडे आज वेगळीच अडचण आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गात माकडांनी आणि रानडुकरांनी लोकांची परसं ओस पाडली आहेत. वेल, शेंगा, भुईमूग, काहीच राहत नाही. ही छोटी गोष्ट नाही. पोरांच्या ताटातली भाजी त्यामुळे गेली आहे आणि त्याकडे शासनाने आजवर दिलं त्याहून फार जास्त लक्ष द्यायला हवं. तोवर लोकांनी आपल्यापुरता मार्ग काढला आहे: माकडं सहसा ज्याला तोंड लावत नाहीत असं लावायचं. हळद, आलं, अळू आणि मिरची. वेल लावायचाच तर घराला लागून, जाळीखाली.

घरच्या बागेकडून अपेक्षा किती ठेवावी? राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या सूचनांप्रमाणे मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे 400 ग्रॅम भाज्या लागतात. चौघांच्या घराला दीड किलोहून जास्त. एवढं बाल्कनीतून निघणार नाही. निघेल ती हिरवी बाजू: पालेभाजी, कढीपत्ता, पुदिना, मिरची, आठवड्यात एखादी शेंगभाजी. बाजारात नेमकं हेच लवकर सुकतं, महाग होतं आणि फवारणीची शंका मनात ठेवून घ्यावं लागतं. त्यामुळे थोड्या जागेत ते घरी निघालं तर फरक मोठा पडतो.

पाऊस गेला आणि सकाळी गारवा पडू लागला, की बागेचा हंगाम बदलतो. तेव्हा माठ आणि वेल बाजूला ठेवून थंडीच्या भाज्या पेराव्यात. मेथी आधी, कारण ती तीन-चार दिवसांत उगवते आणि महिन्याभरात भाजीला येते. घरच्या डब्यातले दाणे रात्रभर भिजवून वीतभर खोल ट्रेमध्ये टाकले तरी चालतं. धने चपलेने किंवा लाटण्याने हलके रगडून दोन फोडी करून पेरावेत, उगवायला आठ-दहा दिवस लागतात म्हणून घाबरू नये. पालक, शेपू, चुका, चाकवत यांच्या ओळी आठवड्या-आठवड्याच्या अंतराने टाकाव्यात, सगळ्या एकदम नकोत. मुळा दीड महिन्यात येतो आणि त्याचा पालाही भाजीला होतो. टोमॅटोची हौस असेल तर ती फेडायचे हेच दिवस: रोपं तयार आणून लावावीत, दोन रोपांत दीड-दोन फूट अंतर ठेवावं, काठीचा आधार द्यावा, आणि पाणी पानांवर न ओतता बुंध्याशी द्यावं.